पोलकं, सफेद

ऑक्टोबर आला की लोकांचं अंग तापतं, माझं डोकं तापतं. पावसानं काढता पाय घेतलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, बोरिवलीच्या रस्त्यावर दुपारी डांबर चपलेला चिकटतं आणि नेमका ह्याच दिवसांत लोकांना जुना काळ आठवतो. दुकानांच्या काचांत, दिवाळीच्या जाहिरातींत, नव्या मालिकांत, जिथं बघावं तिथं जुना काळ. जुना काळ म्हणजे काय, तर अंबाडा, ठसठशीत कुंकू आणि ठिपक्यांचा ब्लाउज. निळ्यावर पांढरे ठिपके. ते दिसले की मी चॅनेल बदलते. परवा एका लग्नात नवरीच्या चार मैत्रिणी तसले ब्लाउज घालून आल्या, ‘आजीची थीम’ म्हणून. मी जेवण अर्धं टाकून उठले. लेक म्हणाली, आई, त्या ठिपक्यांनी तुझं काय घोडं मारलंय?

काय घोडं मारलंय ते सांगते.

पण आधी एक सांगून टाकते, नाहीतर म्हातारीची कटकट वाटायची. मला तो काळ आवडतो. स्वातंत्र्याच्या अलीकडची-पलीकडची दहा-पंधरा वर्षं, आणि त्या वर्षांवरच्या टीव्हीच्या मालिका. चाळीस वर्षं मी पडद्यावरच्या माणसांना कपडे घालतेय, आणि अजूनही तसलं काम आलं की मला भूक लागत नाही. त्या वेळचं पातळ घोट्याच्या वर नेसायचे, कारण बाईला चालायचं असायचं. पदर उजव्या खांद्यावरून ओढून कमरेला खोचायचा, कारण हात मोकळे लागायचे. कोट विटला की शिंपी तो उसवून उलटा करून शिवायचा, आणि मग छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे जायचा. मालिकेत एखाद्या कारकुनाचा खिसा उजवीकडे दिसला की त्याच्या घरात काय शिजतंय ते मला कळतं, त्याला तोंड उघडायला नको. हे ज्याला कळतं तो खरा वेशभूषाकार. बाकीचे नुसते फुलं-गजरे लावणारे.

हे मला शिकवलं माझ्या आईनं. आणि तिचंच नाव कुठं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. परळ सोडून आम्ही चारकोपला आलो त्याला वर्ष झालं होतं. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. सेक्टरमधली घरं नवी, रस्ते अजून व्हायचे होते, ऑक्टोबरात माती उडून दोरीवरचे पांढरे कपडे विटकरी व्हायचे. आई लोकांचे ब्लाउज शिवायची. मालवणकडची, चौथी शिकलेली, मराठी वाचायची, इंग्रजी अक्षर तिला यायचं नाही. लाइटचं बिल, रेशनचा कागद, इंग्रजीत काही आलं की माझ्या हातात द्यायची आणि शेजारी उकिडवी बसायची. मी वाचेन ते खरं. मी कपड्यांचा एक डिप्लोमा केला होता आणि एका मॅडमकडे मदतनीस म्हणून लागले होते. मॅडम परदेशात फॅशन शिकून आलेल्या, आडनाव मराठी, पण घरात मराठी फक्त कामवालीशी बोलायची भाषा. त्यांना तेरा भागांची एक मराठी मालिका मिळाली होती. काळ स्वातंत्र्यानंतरचा, नायिका शाळेत शिकवणारी तरुण बाई. शूटिंगला मनोरीतलं एक जुनं कौलारू घर घेतलेलं.

शिवायला मी आईचं नाव सुचवलं. दिवाळी तोंडावर, शिंप्यांना मान वर करायला वेळ नाही, त्यात सहा पोलकी आणि बाकीचं किडूकमिडूक. मालिकेचं सगळं बघणारे एक गृहस्थ होते, ते आईला म्हणाले की हे वेळेत झालं तर सुरुवातीच्या नावांत तुमचं नाव टाकू. ‘शिवणकाम’ आणि खाली तुमचं नाव. झालं. आई त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती. संपानंतर आमच्या घराला कुणी काही चांगलं म्हटलंच नव्हतं. नावाच्या आधी ‘सौ.’ लावायचं की नाही, ह्यावर तीन दिवस घरात चर्चा. बाबा म्हणाले लाव, मी म्हटलं टीव्हीवर बरं दिसत नाही. शेवटी ‘सौ.’ शिवाय ठरलं. सगळ्या सेक्टरला तिनं सांगून ठेवलं की मालिका लागेल तेव्हा सुरुवातीपासून बघा, उशिरा येऊ नका.

आता ते ठिपके.

मालिकेच्या कागदांत लिहिलं होतं की नायिका शाळेत जाताना सफेद पोलकं घालते. पोलकं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या लहानपणी परकर-पोलकं होतंच की. बाईचं पोलकं म्हणजे कंबर झाकणारं, पुढून बटणांचं, खांद्याशी किंचित फुगा आणि बाही कोपराच्या चार बोटं वर. पण मॅडमना मराठी वाचायचा कंटाळा. ऑफिसातल्या एका मुलानं कपड्यांची यादी इंग्रजी टाइपरायटरवर टाइप करून दिली. नायिकेपुढं त्यानं टाइप केलं, पोलकं, सफेद. इंग्रजी अक्षरांत अनुस्वार कुठला? पोलकंचं पोल्का झालं. मॅडमनी वाचलं, पोल्का, सफेद. म्हणजे पोल्का डॉट, सफेद ठिपके. त्या मला घेऊन मार्केटात गेल्या, निळ्यावर सफेद ठिपक्यांचं कापड पसंत केलं, मला म्हणाल्या, “झकास आहे ना? एकदम पीरियड.” गठ्ठा मी उचलला. माझ्या हातात ते कापड होतं आणि मला कळत होतं की हे चुकलंय. मी काय म्हटलं? मी म्हटलं, हो मॅडम, झकास.

राग येतो तो इथून सुरू होतो.

घरी आईनं गठ्ठा सोडला, कापड बोटांत धरून चोळलं आणि माझ्याकडे बघत राहिली. “ह्यां पोलक्याचा कापड न्हय गो. पोलक्याक ठिपके कित्याक? जा, इचार तेंका.” मी सांगितलं की विचारायची गरज नाही, पांढरं कॅमेऱ्यात फार चमकतं, मॅडमनी विचार करूनच घेतलं असेल. खोटं. पांढरं चमकतं हे खरं, पण मॅडमनी तो विचार केला नव्हता आणि मी विचारणारही नव्हते. पुढच्या कामाला घेते, असं त्या मला म्हणाल्या होत्या. मुख्य मदतनीस म्हणून. मला वाटलं, ठिपके तर ठिपके, कुणाला कळतंय.

आईनं सहाच्या सहा ठिपक्यांची शिवली. आणि एक सातवं शिवलं, कुणी न सांगता, पांढरं. ते कापड बाबांच्या गिरणीतलं. गिरणीच्या दुकानात कामगारांना स्वस्तात कापड मिळायचं, संपाच्या आधी घेतलेलं शेवटचं लाँगक्लॉथ तिनं ट्रंकेत तळाशी जपून ठेवलं होतं. माझ्या लग्नाला काहीतरी करीन म्हणून. त्यातलं तिनं कापलं. म्हणाली, सोबत असू दे, मॅडमनी बघितलं तर त्यांनाच पटेल.

शूटिंगच्या दिवसांत आम्ही दोघी चारकोपहून मालाडला, तिथून मार्व्याची बस आणि मग मनोरीची फेरीबोट. मांडीवर हातमशीन, लाकडी झाकणाचं. सकाळी आठलाच खाडीवर ऊन असं पडायचं की मशीनचं चाक तापायचं. पलीकडे बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगायला सुरुवात झालेली, त्याचा वास केसांत बसायचा आणि नायिका नाकाला रुमाल लावून संवाद पाठ करायची. फेरीत कोळणी असायच्या. धक्क्यावर उतरताना त्या दोन्ही हात वर करून पाटी डोक्यावर घ्यायच्या, तेव्हा आई कोपरानं मला ढोसायची. बघ, काखेत बघ. शिवण ताणली की नाही? वर गेली की नाही? मग सांगायची की जुन्या पोलक्याला काखेत एक चौकोनी तुकडा जोडायचे, हात वर केला तरी पोलकं कमरेतून उचकटायचं नाही. बाई पाणी भरणार, फडताळातनं डबा काढणार, दोरीवर कपडे टाकणार. तिला दिवसातनं शंभर वेळा हात वर करावे लागतात. तिच्या काखेचा विचार जो करत नाही तो कसला शिंपी! फेरीतल्या पुरुषांना ऐकू जाईल म्हणून मी लाजून पाण्याकडे बघायची. डिप्लोमाच्या दोन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सासूचं काम करणाऱ्या माई आल्या. रंगभूमीवर आयुष्य गेलेल्या, सत्तरीच्या. तोवर नायिकेचे तीन दिवसांचे सीन ठिपक्यांत होऊन गेले होते. माईंनी चष्मा लावला, सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दिग्दर्शकांना म्हणाल्या, “ही कुठली हो फॅशन? माझ्या लग्नात मी असं घातलं असतं तर सासूनं दारातनं परत धाडलं असतं. पोलकं पांढरं असायचं.”

सगळं थांबलं. दिग्दर्शकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम एक क्षण गोंधळल्या, मग म्हणाल्या, मी सफेदच सांगितलं होतं, यादीत सफेदच आहे, टेलरनं काय केलं मला माहीत नाही.

आई पडवीत मशीनपाशी बसली होती. तिनं ऐकलं. ती उठून उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे बघितलं, कारण यादी माझ्या हातात होती. दिग्दर्शकही माझ्याकडे वळले. म्हणाले, काय लिहिलंय, वाच.

मला तो कागद अजून दिसतो. घामानं कोपरा ओला झालेला. त्यावर पोल्का लिहिलं होतं. मी ते जसंच्या तसं वाचलं असतं, किंवा नुसतं म्हटलं असतं की सर, हे मॅडमनी ठिपके असं वाचलं आणि कापड त्यांनीच घेतलं, मी सोबत होते, तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण मला मराठी येत होती. मी नीट, स्वच्छ मराठी उच्चारात वाचलं, “पोलकं, सफेद.”

अनुस्वारासकट वाचलं. एका अनुस्वारानं मॅडम सुटल्या आणि आई अडकली.

दिग्दर्शकांनी वैतागून विचारलं, आता सफेद आहे का कुठं?  आईनं पिशवीतनं सातवं पोलकं काढून पुढं केलं. तेव्हा मॅडम काय म्हणाल्या, माहितीय? “बघा, सफेद कापड हिच्याकडेच आहे.”

म्हणजे आईनं त्यांचं पांढरं कापड ढापलं आणि ठिपक्यांचं खपवलं. बाबांच्या गिरणीचं कापड. ट्रंकेच्या तळातलं. हरामखोरपणाला पण काही हद्द असते. आणि मी तिथं टाचण्यांची डबी घेऊन उभी. आज ह्या वयात मला वाटतं, त्या पडवीत जावं आणि त्या पोरीच्या एक सणसणीत कानफटात द्यावी. मॅडमच्या नाही. त्या पोरीच्या.

नायिकेनं ते पांढरं घातलं आणि एक सीन झाला. एकच. बाकीचे आधीच ठिपक्यांत झालेले, त्यांच्याशी जुळायला पाहिजे म्हणून पुढं परत ठिपकेच. आईनं मशीनला झाकण लावलं, खिटी बसवली आणि दुपारच्या फेरीनं एकटी परत गेली. मी तिच्याबरोबर गेले नाही. माझं काम होतं ना.

मालिका लागली त्या संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्टरातल्या सगळ्या बायका वेळेआधी हजर, आईनंच सांगितलं होतं ना. तिनं नंतर कुणाला नको म्हणूनही सांगितलं नाही. नावं सुरू झाली. हातानं रंगवलेल्या पाट्या असायच्या तेव्हा. वेशभूषा, खाली मॅडम. साहाय्य, खाली मी. मग थेट रंगभूषा. कुणीतरी विचारलं, अहो, तुमचं कुठं गेलं? आईनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला आणि मला म्हणाली, “तुझा नाव इला मां? मगे झाला.”

रागावली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, मालवणी शिव्या तिला भरपूर यायच्या. काही नाही. चहा टाकला सगळ्यांना. पुढच्या आठवड्यात त्याच बायका निळं, हिरवं, लाल ठिपक्यांचं कापड घेऊन दारात. त्या सिरियलसारखं शिवून द्या. आईनं शिवून दिलं. काखेत चौकोनी तुकडा लावून.

मालिका गाजली. मला पुढचं काम मिळालं, त्याच्या पुढचं मिळालं, आणि तेव्हापासून पन्नासच्या सालातली बाई म्हटलं की जो तो ठिपके घालू लागला. मॅडमनी एका मुलाखतीत सांगितलंही की त्यांनी त्यावर खूप अभ्यास केला होता.

एक मात्र झालं. मला ते कळायला दोन-तीन महिने लागले. लाइटचं बिल आलं आणि गेलं, रेशनचा कागद आला आणि गेला, बाबांच्या गिरणीचं काहीतरी इंग्रजी पत्र आलं. आई ते घेऊन शेजारच्या काकूंच्या मुलाकडे गेली. मी घरातच होते. त्या दिवसानंतर मरेपर्यंत आईनं मला काहीही वाचायला दिलं नाही.

ह्या ऑक्टोबरात अंधेरीच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. जुन्या मालिकांतल्या वेशभूषेचं प्रदर्शन, आमच्या मालिकेला खास कोपरा, त्या टीममधल्या हयात अशा तुम्हीच, चार शब्द बोला. मॅडम जाऊन बरीच वर्षं झाली. मी जाणार नव्हते. मग म्हटलं, बघू तरी काय वाट लावलीय.

नव्यानं शिवलेला निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा ब्लाउज पुतळ्यावर चढवलेला. काखेत तुकडा नाही, नुसती शिवण. त्या पुतळ्यानं हात वर केले असते तर शिवण टर्रकन गेली असती. खाली पाटी, मध्यशतकातील मराठी स्त्रीचा पोल्का. संकल्पना, मॅडम. साहाय्य, मी. टेलर, अज्ञात. बाजूच्या काचेच्या पेटीत मॅडमच्या घरून मिळालेले कागद, आणि त्यात ती यादी. घामाच्या डागासकट. वर एका पडद्यावर मालिकेचे तुकडे फिरत होते. मी उभी राहिले. ठिपके आले, गेले, परत आले. मग तो सीन आला. नायिका फडताळाच्या वरच्या फळीवरनं डबा काढायला दोन्ही हात वर करते. अर्धं मिनिटसुद्धा नसेल. पांढरं पोलकं कमरेतून केसभर हलत नाही. मी आयुष्यात एवढ्या मालिका केल्या, इतकी बरोबर बाही मला एकदाही जमली नाही. मनोरीचं ऊन त्या कापडावर पडलंय आणि ते काही चमकत-बिमकत नाही.

सगळं मांडणारी मुलगी जवळ आली. विशीची, चुणचुणीत, गळ्यात टेप. मी तिला म्हटलं, ही पाटी चुकीची आहे. ती म्हणाली, “पण मॅम, ओरिजिनल लिस्टमध्येच पोल्का आहे ना. बघा ना.” आणि तिनं काचेवर बोट ठेवलं.

मी वाचलं. चाळीस वर्षांनी तोच कागद, तेच शब्द. ह्या वेळी जसं टाइप केलेलं होतं तसंच मी वाचलं, पोल्का, आणि मग त्याचं काय काय झालं ते तिला सगळं सांगितलं. मार्केट, गठ्ठा, फेरी, माई. माझा अनुस्वार पण सांगितला. आवाज चढला असणार, कारण आजूबाजूची पोरं गोळा झाली. कुणी हसलं नाही. त्या मुलीचा चेहरा उतरला. तिनं पडद्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, मग हे सफेद कुणी शिवलं होतं? ‘अज्ञात’ खोडते मी.

“इंदुमती परब,” मी म्हटलं. मग परत एकदा, पुरतं म्हटलं. “शिवणकाम, इंदुमती परब. ‘सौ.’ नको.”

मुलीनं मोबाइल काढला आणि भराभर टाइप करायला लागली. मी वाकून बघितलं. इंग्रजी अक्षरं. मी तिचा हात धरला.

“मराठीत लिही गं,” मी म्हटलं. “इंग्रजीत लिहिलंस की परत ठिपके येतात.”